उरणचा जागल्या

आमची धाकटी बहीण साताऱ्यास असते. तिचा मुलगा उरण येथे एका वायूच्या कारखान्यात नोकरीस आहे. २०२५ सालच्या माघात तिचा फोन आला, तो रडवेला. "दादा, तू एकदा उरणास जाऊन ये. पोर नोकरी सोडायचे म्हणतोय. रात्री-अपरात्री उठून बसतो. मला काही सांगत नाही, बायकोला सांगत नाही. तुझे ऐकेल. लहानपणी तुझ्यापाशी रूपावली शिकला आहे तो."

रूपावली शिकला म्हणजे मनुष्य जन्मभर मामाचे ऐकतो, असा आमचा अनुभव नाही. पस्तीस वर्षे मास्तरकी केल्यावर असला भ्रम शिल्लक राहत नाही. तथापि बहिणीचा शब्द मोडवेना. तशात भाच्याचेच बोलावणे आले. ४ मार्च हा आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात, आणि त्या सप्ताहात कामगारांच्या घरच्या मंडळींस कारखाना दाखविण्याची त्यांच्याकडे चाल आहे. "मामा, तुम्ही या. मी काय करतो ते एकदा बघा," एवढेच तो म्हणाला. आम्ही पिशवी भरली.

उरणास आता आगगाडी जाते. २०२४ च्या जानेवारीत ती सुरू झाली. तरी आम्ही जाताना जुनी वाट धरली आणि भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली. भरतीचे मान पाहून निघावे लागते, कारण ओहोटीस मोऱ्याच्या बाजूला गाळ उघडा पडतो व लाँच लागणे कठीण होते. लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या पाट्या, दोन मोटारसायकली व आम्ही, असा एकूण संसार होता. डाव्या हातास जवाहर द्वीपावरील तेलाच्या गोल टाक्या दिसल्या. त्यांच्या पलीकडे घारापुरीचा हिरवा डोंगर आणि उत्तरेस दूरवर अटल सेतूची रेघ. घारापुरीच्या लेण्यांतील तो त्रिमुख महेश आणि त्याच्या शेजारच्या बेटावर हे खनिज तेल! मुंबईचे बंदर असल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवते आणि त्याचे तिला काही वाटत नाही.

उरण जवळ येऊ लागले तशी एका उंच चिमणीच्या टोकावर भर दुपारी जळणारी ज्योत दिसू लागली. शेजारच्या खलाशाने सांगितले, "ती फ्लेअर. ती कायमचीच." १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल लागले, तेव्हापासून या गावाचे दैव पालटले. समुद्राच्या तळावरून नळ घालून तिकडचा वायू उरणच्या किनाऱ्यास आणला. त्या भर समुद्रातील एका फलाटावर २७ जुलै २००५ रोजी काय झाले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. आदल्याच दिवशी मुंबई पावसाने बुडाली होती. त्या गडबडीत एक जहाज फलाटाच्या उभ्या नळावर आदळले, वायू सुटला, पेटला, आणि अवघ्या दोन तासांच्या आसपास तो फलाट समुद्रात गेला. २२ माणसे गेली. जिवंत परतलेल्यांचीच संख्या साडेतीनशेच्या वर होती, हे त्यातल्या त्यात नशीब. चिमणीवरची ती शांत ज्योत पाहताना ही हकीकत आम्हांस उगीच आठवली नाही.

उरण गाव मात्र अजून गावच आहे. मिठागरे आहेत, करंज्याची कोळ्यांची वस्ती आहे, थंडीत पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात, आणि शेजारून बंदराकडे जाणारे अजस्र ट्रेलर धडधडत असतात. द्रोणागिरीचा डोंगर पाहून, मारुतीच्या हातून निसटलेला हाच तो तुकडा, अशी लोकांची समजूत. फाल्गुन लागला होता, म्हणून पोरे होळीसाठी लाकडे ओढून आणीत होती.

रात्री जेवणे झाली. सूनबाईने केलेली तांदळाची भाकरी व वालाची उसळ आम्ही गरजेपेक्षा अंमळ जास्तच खाल्ली, त्यामुळे दोनच्या सुमारास जाग आली. पाहतो तो भाचा गॅलरीत उभा. अंगावर शाल नाही, हातात मोबाइल, आणि नजर त्या ज्योतीकडे. आम्ही हाक मारली नाही. थोड्या वेळाने त्याने कोणास तरी फोन लावला व हळू आवाजात विचारले, "पिवळा काही आहे का? ... नाही ना? बरं." मग तो आत येऊन पडला. झोपला असे म्हणता येणार नाही.

सकाळी कारखान्याच्या दाराशी आमची चांगलीच झडती झाली. मोबाइल गेला, देवपूजेच्या सवयीने खिशात राहिलेली काड्यापेटी गेली. पायांत चपला म्हणून एका जोडी जड बुटांत आमचे पाय कोंबण्यात आले. डोक्यावर शिरस्त्राण आले. आरशात पाहिले तर आम्ही आम्हांसच ओळखू आलो नाही. बरोबरच्या मंडळींत बायका-मुले होती. त्यांना दोरीच्या अलीकडून यंत्रे दाखवून सरबत देण्यात आले. आमच्या भाच्याने मात्र वरिष्ठांची लेखी परवानगी काढून आम्हांस आपल्या कामावर बरोबर नेले.

त्याचे काम असे. कारखान्यात जेथे जेथे वायू दाबाखाली खेळतो, तेथे उंचावर एकेक यंत्र बसविलेले असते. त्यास फ्लेम डिटेक्टर म्हणतात. दोन मुठींएवढी धातूची भक्कम पेटी, पुढे रुपयाएवढी काळसर काच, तोंड किंचित खाली वळविलेले. जाळ दिसला की काही क्षणांत त्याने सांगावयाचे. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो, त्याने पाहत राहावयाचे. पूर्वी आपल्या गावांतून जागल्या असे, तो रात्री गस्त घाली. हा जागल्या गस्त घालीत नाही, एकाच ठिकाणी दहा-पंधरा वर्षे टक लावून बसतो, आणि देव करो, त्या साऱ्या काळात त्यास सांगण्यासारखे एकदाही काही दिसू नये.

आम्ही विचारले, "धुरावरून आग ओळखणारी यंत्रे असतात ना? आमच्या मुंबईच्या व्याह्यांच्या इमारतीत प्रत्येक मजल्याच्या छताला आहेत."

"असतात, मामा. पण इथे त्यांचा उपयोग नाही. उघड्यावर वारा धूर घेऊन जातो. आणि वायूचा जाळ आधी भडकतो, धूर आला तर मागाहून."

हे ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो त्यास कळला नसावा. ज्याने तर्कसंग्रह हाती धरला आहे, त्यास डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नीचे अनुमान हे उदाहरण ठाऊक असते. अन्नंभट्टाच्या त्या लहानशा पुस्तकाने शेकडो वर्षे विद्यार्थ्यांकडून तो डोंगर चढवून घेतला आहे. धूर आहे तेथे अग्नी आहे, हे खरे. पण अग्नी आहे तेथे धूर असेलच असे नाही, आणि त्यासाठी नैयायिक तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवितात. छताला लावलेले ते यंत्र अनुमान करणारे झाले. हा डोळा प्रत्यक्षवादी! धुराची वाट न पाहता तो अग्नी पाहतो.

पण पाहतो म्हणजे काय पाहतो? दुपारचे ऊन आहे, वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत, तापलेले नळ आहेत, समुद्राच्या लाटांवर हलणारी तिरीप आहे, वर ती फ्लेअरची खरीखुरी ज्योत आहे. यांतून नको असलेला एक जाळ तेवढा ओळखावयाचा. भाच्याने हे आम्हांस ज्या रीतीने समजाविले, त्यावरून मास्तरकी आमच्याच घराण्यात चालली आहे अशी खात्री पटली.

आपल्या डोळ्यांस दिसणारा प्रकाश हा एकंदर प्रकाशाचा लहानसा पट्टा आहे. १८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून पडलेल्या सप्तरंगांत तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही तेथे, पारा अधिक चढला. पुढल्याच वर्षी रिटर याने जांभळ्याच्या पलीकडेही असेच अदृश्य किरण आहेत हे रुप्याच्या क्षारावरून दाखविले. पहिले अवरक्त, दुसरे अतिनील. जाळ या दोन्ही अदृश्य मुलुखांत बोलत असतो. तेल किंवा वायू जळताना जो कर्बवायू तयार होतो, तो तापलेला कर्बवायू ४.३ मायक्रॉनच्या आसपास जोराने अवरक्त किरण टाकतो. आता मौज अशी की, सूर्याचे त्याच लांबीचे किरण आपल्या वातावरणातील कर्बवायू वरच्यावर शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवर ते जवळजवळ पोहोचत नाहीत. अतिनीलाचेही तसेच. सूर्याचे जे आखूड किरण ओझोनचा थर अडवितो, नेमक्या त्याच टापूत अतिनील डिटेक्टर पाहतो. थोडक्यात, ज्या दोन खिडक्यांतून सूर्य डोकावत नाही, त्याच खिडक्यांशी हे पहारेकरी बसविले आहेत. ही योजना ज्यांस प्रथम सुचली त्यांस आमचा नमस्कार असो.

एवढ्यावरही भागत नाही. तापलेला नळ सगळ्याच लांबीचे अवरक्त किरण टाकतो, म्हणून या पेटीत तीन संवेदके असतात. मधले ४.३ च्या आसपास पाहते, बाजूची दोन त्याच्या अलीकडे-पलीकडे. तिन्ही सारखीच उजळली तर ती गरम वस्तू, मधलेच उजळले तर जाळ. शिवाय जाळ हलतो. तो सेकंदास एक ते दहा वेळा, असा अनियमित लवलवतो. तापलेले लोखंड लवलवत नाही. निरांजनाची ज्योत आम्ही रोज पाहतो, पण तिच्या लवलवण्यात तिची ओळख आहे हे कधी लक्षात आले नव्हते. वेल्डिंगने फसतो तो मुख्यतः अतिनील डिटेक्टर. त्याच्या काचेवर तेलाची पुटे चढली तर तो आंधळाही होतो. उलट, हायड्रोजनचा जाळ अवरक्त डिटेक्टरच्या या खिडकीतून दिसत नाही, कारण हायड्रोजनमध्ये कर्बच नाही, मग कर्बवायू कोठून येणार? भर उन्हात तो जाळ माणसासही दिसत नाही. तेथे दुसऱ्या जातीचा डोळा बसवावा लागतो. सारांश, सर्व अग्नी पाहणारा एकच डोळा अजून निघालेला नाही.

काचेविषयी विचारता तो म्हणाला, "ती साधी काच नव्हे मामा. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत. ती सफायर आहे." सफायर म्हणजे नीलमणी, मात्र कृत्रिम रीतीने केलेला व रंगहीन. माणिक आणि नीलमणी हे एकाच खनिजाचे दोन रंग. त्या खनिजाच्या कोरंडम या नावाचे नाते आपल्या कुरुविंद शब्दाशी सांगतात. बोटांतल्या अंगठीत शनीसाठी घालावयाचा खडा येथे अग्नीकडे पाहत बसला आहे, हे आमच्या ज्योतिषी मित्रांस कळविले पाहिजे.

असो. आता परीक्षेकडे वळतो, कारण त्या दिवशीचे काम तेच होते. वायू दाबणाऱ्या दोन कॉम्प्रेसरची एक शेड, प्रत्येकावर तीन डोळे, असे सहा डिटेक्टर तपासावयाचे होते. तीनच का? तर एकाने जाळ पाहिला तर नुसती घंटा होते. दोघांनी पाहिला तर यंत्रे आपोआप बंद पडतात, वायूचे नळ मिटतात आणि वरून पाण्याचा वर्षाव सुरू होतो. दोन साक्षी पटल्यावाचून शिक्षा नाही.

साहजिकच, परीक्षा घेताना खोटा जाळ दाखविला तर सारा कारखाना बंद पडावयाचा. म्हणून आधी परमिट लिहून घ्यावयाचे, कंट्रोल रूमला कळवायचे, आणि त्या सहा डोळ्यांचे सांगणे पुढे जाऊ नये अशी कळ तेथे फिरवायची. यास ते 'इनहिबिट' म्हणतात. डोळे पाहतात, बोलतात, पण त्यांच्या बोलण्यावर कोणी हलत नाही. कळ फिरली की कंट्रोल रूमच्या फळीवर एक पिवळा दिवा लागतो. रात्रीच्या फोनमधला 'पिवळा' आम्हांस येथे भेटला.

मग काच पुसणे. मऊ फडके व स्वच्छ पाणी. खारे वारे, धूळ, कोळिष्टके यांचा थर निघाला. त्यानंतर त्याने एक जाडजूड विजेरी काढली. "काडी ओढून दाखविली तर सोपे नाही का?" असे आम्ही विचारताच तो जन्मात पहिल्यांदा मामाला हसला. जेथे काड्यापेटी दारात काढून घेतात, तेथे जाळ कसा लावणार? ही विजेरी बंद कवचाची असते आणि आगीचा आभास उत्पन्न करते. तिच्यातून जाळाच्याच लांबीचे अवरक्त किरण, जाळासारखेच लवलवत बाहेर पडतात. आम्हांस तर काचेत काहीच दिसले नाही. पण चारेक हात अंतरावरून तिचे तोंड डोळ्याकडे धरताच, दोन-चार सेकंदांत पेटीवरचा हिरवा ठिपका तांबडा झाला, आणि वॉकी-टॉकीवर कंट्रोल रूममधून आवाज आला, "एक नंबर आला." भाच्याने वहीत वेळ लिहिली.

दुसरा आला नाही. आम्ही श्वास रोखला. तो मात्र शांतपणे पहिल्याकडे परत गेला व विजेरी पुन्हा त्यास दाखविली. तोही आता आला नाही. "विजेरीची बॅटरी उतरली," म्हणाला. परीक्षकाचीच परीक्षा आधी घ्यावी, ही गोष्ट आम्ही परीक्षक असताना कोणी आमच्या बाबतीत केली नाही, हे आमचे भाग्य. नवी बॅटरी आली. सहाही डोळे एकामागून एक तांबडे झाले व परत हिरवे झाले. कागदावर सहा वेळा 'ठीक' लिहून झाले. आम्हांस वाटले, संपले.

तो म्हणाला, "मामा, आता इकडे या. इथे उभे राहा." कॉम्प्रेसरचा दांडा जेथून बाहेर येतो, वायू सुटलाच तर जेथून सुटेल, त्या जागेपाशी त्याने आम्हांस उभे केले. "आता वर बघा. किती डोळे दिसतात?"

आम्ही चष्मा सारखा केला. "दोन."

"नीट बघा. तीन पाहिजेत."

तिसऱ्याच्या दिशेला रंगाऱ्यांची परांची होती आणि तिच्यावरून, खालच्या यंत्रावर रंग गळू नये म्हणून, एक निळी ताडपत्री सोडलेली होती. डोळा तिच्या पलीकडे होता. आपला भाचा परांचीच्या पलीकडे, डोळ्यासमोर उभा राहून विजेरी दाखवीत होता, म्हणून तो 'आला'. डोळा निर्दोष होता. त्याच्या पेटीत एक बारीक दिवा असतो, तो दर काही मिनिटांनी आपल्याच काचेतून प्रकाश टाकून काच स्वच्छ आहे ना हे पाहतो. त्यानेही सर्व ठीक असेच कळविले होते. फक्त ज्यावर नजर ठेवावयाची ते सोडून तो डोळा ताडपत्री पाहत होता.

सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने, असलेली वस्तूही का दिसत नाही याची कारणे सांगितली आहेत. वस्तू फार दूर असते, इंद्रिय बिघडलेले असते, मोठ्या तेजापुढे लहान तेज लोपते, सारख्यात सारखे मिसळून जाते, मन ठिकाणावर नसते, किंवा मध्ये काही आड येते. हे आम्ही मुलांना कैक वेळा पढविले. आड येणे म्हणजे काय ते साठी उलटल्यावर, एका निळ्या ताडपत्रीने शिकविले.

रंगाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "साहेब, उद्या संपतेच आहे काम. कागदावर तर सगळे पास झालेत." आणि ते खरेच होते. कागदावर ताडपत्रीसाठी रकाना नव्हता. भाचा चिडला नाही. एवढेच म्हणाला, "मी सही करणार नाही." मुकादमाने वरिष्ठास बोलाविले. उरलेले दोन आहेत ना, असाही एक विचार निघाला. भाचा म्हणाला, "आहेत. पण मग दोघांनाही दिसलेच पाहिजे. एकाची काच आज रात्री खराब झाली तर उरलेल्या एकाच्या सांगण्यावर नुसती घंटा होईल." अर्धा तास बोलणे झाले. शेवटी वरिष्ठांनी मान डोलाविली आणि ताडपत्री उतरली. आम्ही पुन्हा त्या जागी उभे राहून मोठ्याने मोजले, "तीन." रंगारी हसले. हसोत बापडे.

चहाच्या वेळी उपाहारगृहाच्या मागे, एका बदामाच्या झाडाखाली आम्ही बसलो. आम्ही काही विचारले नाही. त्यानेच सुरुवात केली.

"मामा, दोन वर्षांपूर्वी याच शेडची टेस्ट केली. संध्याकाळचे चार वाजले होते. आईचा फोन येऊन गेला होता, बाबांना दवाखान्यात नेले म्हणून. मी साहित्य आवरले, सही केली आणि निघालो. इनहिबिट काढायला सांगायचे राहिले."

"मग?"

"फळीवर पिवळा दिवा होता. पण त्या दिवशी दुसऱ्या दोन कामांचेही पिवळे दिवे होते. पाळी बदलली, नव्या माणसाला वाटले, हा त्यांतलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साताऱ्याच्या गाडीत माझ्या लक्षात आले. मी फोन केला. पंधरा तास, मामा. सहाही डोळे पाहत होते आणि ऐकायला कोणी नव्हते."

"आणि झाले काय?"

"काही नाही. काहीच झाले नाही." तो थांबला. "मीच लिहून दिले. साहेबांनी ताकीद दिली, पाळी बदलताना पिवळे दिवे मोजून वहीत लिहायचे असा नियम केला. सगळे विसरले. पण काही झाले नाही, हेच मला झोपू देत नाही. झाले असते तर त्या रात्री शेडमध्ये चौघे होते. त्यांतला एक रोज माझ्याबरोबर डबा खातो. त्याला अजून माहीत नाही."

आमच्या मेहुण्यांचे त्या दुखण्यातच निधन झाले. त्या आठवड्यात आम्ही साताऱ्यास होतो. मुलगा बापाच्या उशाशी बसून पुनःपुन्हा बाहेर जातो, फोनवर बोलतो, हे आम्ही पाहिले होते आणि आजकालच्या मुलांना बापापेक्षा फोन प्रिय, असे मनात म्हटलेही होते. ते आम्हांस त्या झाडाखाली आठवले. त्यास काही सांगण्याची आमची तयारी घरून चांगली झाली होती, दोन-तीन सुभाषितेही काढून ठेविली होती. ती तेथे उपयोगाची नव्हती.

चहानंतर शेवटचे काम राहिले होते. आम्हांस वाटले, कळ परत फिरवली की झाले. तसे नाही. आधी सहापैकी एकही डोळा तांबडा राहिलेला नाही ना, हे पाहावयाचे. विजेरी पाहिलेला डोळा पुष्कळदा फळीवरून मोकळा करीपर्यंत तांबडाच राहतो, आणि दोन तांबडे असताना कळ फिरवली तर त्याच क्षणी यंत्रे बंद व डोक्यावर पाणी. भाच्याने एकेक नंबर वाचून घेतला. समोरच्याने एकेक परत वाचून दाखविला. मग कळ फिरली. वॉकी-टॉकीवर "नॉर्मल" असा शब्द आला.

त्यावर न थांबता तो आम्हांस घेऊन कंट्रोल रूमच्या काचेच्या दाराशी गेला. "मामा, तुम्ही पण बघा. आमच्या शेडच्या ओळीत पिवळा दिवा आहे का?"

आम्ही पाहिले. डावीकडून उजवीकडे, आणि मग उजवीकडून डावीकडे. "नाही."

त्याने वहीत वेळ लिहून सही केली.

त्या रात्री पुन्हा दोनच्या सुमारास गॅलरीचे दार वाजले. या खेपेस आम्ही जागेच होतो. उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. चिमणीवरची ज्योत वाऱ्याने दक्षिणेकडे झुकली होती. त्याने मोबाइल हातात धरला होता, पण नंबर लावला नव्हता.

"आपण दोघांनी पाहिला ना रे दिवा?" आम्ही म्हणालो.

"हो."

"मग दोन साक्षी झाल्या."

तो काही बोलला नाही. जरा वेळाने मोबाइल खिशात घालून आत गेला. सकाळी सूनबाई म्हणाली की आज हे सातपर्यंत उठले नाहीत, उठवावे लागले.

परत येताना आम्ही आगगाडीने आलो. गाडी उरण स्टेशनातून निघाली तेव्हा मिठागरांवर ऊन चमकत होते, आणि त्या चमकण्यात डोळा फसेल का, असा विचार आमच्या मनात आला. बेलापुरास उतरून बहिणीला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "नोकरीचे काय म्हणाला?" ते विचारावयाचे आमच्याकडून राहूनच गेले होते. तिला आम्ही तसे सांगितले, आणि एवढेच विचारले की, मेहुण्यांना ज्या दिवशी दवाखान्यात नेले त्या दिवशी तू पोराला किती वाजता फोन केला होतास. ती म्हणाली, "साडेतीनच्या सुमारास असेल. का रे, दादा?"